गुडघ्यांची साक्ष

सहाच्या फेरीबोटीत दोर सोडता सोडता
सुकूर माझ्या बुटांकडे बघतो.
गुडघे म्हणजे टायर, सायबा,
जेवढे पळवशील तेवढे झिजतील.

रायबंदर मागे पडतं. मी मान डोलावतो.
दिवाडीला उतरून बांधाला लागतो,
एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खाजन,
मधे मी, एक्कावन्न वर्षांचा, भूमापन खात्यातला,
फीत लावल्याशिवाय शेजाऱ्याचं कुंपणही न मानणारा.

म्हणून वही घातली.
पुतण्या म्हणाला, आधी अंग ताणा, नाहीतर पोटरी जाईल.
तीन महिने ताणलं, तीन महिने नाही.
पोटरी दोन्हीकडे एकेकदा गेली. तारखा आहेत.
जिमवाला उल्हास म्हणाला, दुसऱ्या दिवशी दुखतं ते साचलेलं आम्ल.
बांबोळीला शिकणारी माझी भाची हसली,
ते तर आंघोळ होईस्तोवर धुऊन जातं, मामा.
मग मी तिच्यावरही संशय घेतला.
तिने कागदच पुढे टाकले,
हजारो माणसं, थोडंफार पळणारी आणि बसून राहिलेली,
आणि कुरकुर जास्त
बसलेल्यांच्याच गुडघ्यांत.

मला आई आठवली.
बस सुटली तरी ती धावली नाही कधी,
आणि पन्नाशीत जिन्याशी तिचं वैर झालं.
हे मी सुकूरला जिंकल्यासारखं सांगितलं.
तो म्हणाला, आणि माझा भाव मार्सेलिन?
फुटबॉल खेळला. दोन्ही गेले.

एक आई. एक भाऊ.
बोट मध्यावर, इंजिन धडधडतंय,
आणि आम्ही दोघे एकेक माणूस उचलून
सबंध नदी बुजवायला निघालेले.

गोष्ट खोटी नसते, मामा, भाची म्हणते,
ती फक्त एकटी असते.

आता माझंही सांगतो.
ओहोटीला मी जोरात पळतो, असं मला वाटायचं,
पाणी ओढतं, माणूसही ओढला जातो, वगैरे.
दोनशे चौदा सकाळी लिहिल्या.
फरक नाही. अर्ध्या मिनिटाचासुद्धा नाही.
तरी अजून पंचांगाशेजारचं भरतीचं कोष्टक बघूनच
नाडी बांधतो.
चिखल उघडा पडतो, बगळे अगदी बांधाला येतात.
त्याला वहीत रकाना नाही.

परतीच्या बोटीत सुकूर विचारतो, आज किती?
सहा.
आणि गुडघे?
आहेत, म्हटलं.
त्याने दोर ओढला. त्याचेच गुडघे वाजले.