विंगेतून

मुख्याध्यापकांनी परिपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं:
फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार, सुरक्षित इंटरनेट दिवस,
भित्तिपत्रकं, प्रतिज्ञा, फोटो काढून वरती पाठवणे.
संगणक शिकवतो म्हणून दरवर्षी हे माझ्याच गळ्यात.
पासवर्ड कुणाला सांगू नका, अनोळख्याला पत्ता देऊ नका,
तीन वर्षं भाषण तेच आहे,
फक्त तारीख खोडतो.

सातवीच्या मुलींनी घोटून लिहिलं, "लिहिण्याआधी विचार करा",
'विचार'ची वेलांटी चुकली, ती पांढऱ्या रंगानं लपवली.
दहावीच्या रांगेत एक जागा रिकामी.
कुणी हळूच म्हणालं, "महाराज रजेवर."
अख्खी रांग हसली. दोन शिक्षकही.

आता सांगतो.
गेल्या महिन्यात कुडण्याच्या जत्रेला
पालखी आत गेली आणि रात्री दीड वाजता
नाटकाचा तिसरा अंक उभा राहिला.
रुद्रेश गावडे, दूत. एकच प्रवेश, चार ओळी.
भाड्याचा अंगरखा, खांद्यावर पिना मारून आवळलेला.
त्याची आई खाज्यांचं दुकान धाकटीवर सोपवून
मंडपाच्या खांबाशी येऊन उभी, बोटांना गूळ.
तो आला, वाकला, म्हणाला, "महाराज..."
आणि पुढे काही नाही.
अकरा सेकंद. मी नंतर मोजले, कितीदा तरी.
पेटीवाल्यानं उगाच एक सूर धरून ठेवला,
राजानं मिशी चाचपली.

सकाळपर्यंत ते अकरा सेकंद गावच्या ग्रुपवर,
दुपारी डिचोलीत, रात्री दुबईतल्या कुणाच्या तरी मामाकडे.
कुणी त्याला बकरीचा आवाज जोडला,
कुणी 'महाराज' तेवढाच कापून सतरा वेळा लावला.
खाली हसून हसून रडणारे पिवळे चेहरे,
फुगेवाल्याच्या काठीला लटकतात तसे, दाटीनं.
मंडळाच्या खजिनदारांनी लिहिलं,
"गंमत आहे, मनाला लावून घेऊ नये."
खजिनदारांना मी अंगठा दिला.

पण ती क्लिप मोठी करून पाहा.
डावा कोपरा. काळ्या पडद्याची फट.
तिथे एक निळसर तोंड दिसतं, खाली झुकलेलं.
तो प्रॉम्प्टर. तो मी.
मांडीवर वही, बोट चुकीच्या पानावर,
दुसऱ्या हातात मोबाइल.

माझं काम एवढंच होतं:
कुणाचा शब्द अडला की काळोखातून पुढचा द्यायचा,
पहिल्या रांगेलाही न कळता.
वीस जत्रा दिला. दारू पिऊन आलेल्या सेनापतीलाही दिला.

मंगळवारी माइकसमोर हे सांगायचं ठरवलं होतं.
सांगितलं नाही. पासवर्डचंच सांगितलं.
मुलांनी हात पुढे करून प्रतिज्ञा घेतली,
फोटो वरती गेला.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो.
पडवीत माय-लेक खाज्यांवर गूळ चढवत होते,
आल्याचा वास नाकात झोंबत होता.
मी दोन बोटांनी ताणून त्याला तो कोपरा दाखवला.
बराच वेळ बघत राहिला, स्वतःकडे नाही, माझ्याकडे.
मग म्हणाला,
"सर, तेन्ना तुमी कितें पळयताले?"

आठवून पाहिलं. क्रिकेटचा स्कोअर, कुणाचा वाढदिवस,
की असंच कुणीतरी, कुठेतरी, पडलेलं?
तोंड उघडलं.
पुढे काही नाही.
कढईत गूळ रटरटत होता,
आई झारा हातात धरून थांबली होती.

"विसरलों म्हणात, सर,"
तो म्हणाला,
इतक्या हळू,
की शेजारी बसलेल्या आईलाही कळलं नाही.