टाकसाळ

खांबेटे पहिल्यांदा आले ते आमचा काटा तपासायला.
वजनमापे खात्याचे निरीक्षक,
सायकलच्या कॅरियरवर पेटी, पेटीत सरकारी वजनं.
बाबांनी घाईघाईनं चहा सांगितला.
काट्याकडे त्यांनी बघितलंच नाही.
पारड्यात काय आहे ते बघत उभे राहिले:
साडेसात किलो शिवराया, भट्टीच्या वाटेवर.

"ह्या वितळवता?"
"मग काय, पुजायच्या?" बाबा म्हणाले.
तांबं ते तांबं. पोत्यानं यायचं खेड्यापाड्यांतून.
आम्ही त्याचे बंब केले, कळश्या केल्या,
अर्ध्या कसब्यानं त्या नाण्यांत तापलेल्या पाण्यानं अंघोळ केली.

पुढच्या शनिवारी ते पगाराचं पाकीट घेऊन आले.
मोडीच्या भावावर किलोमागे दोन रुपये चढे.
बाबा त्यांना वेडा म्हणायचे,
पण शनिवारची भट्टी दुपारपर्यंत पेटवायचे नाहीत.

आम्ही मोड घेणारे, ते मोडी वाचणारे.
मधे एका वेलांटीचं अंतर,
आणि वेलांट्या मोजण्यातच त्यांची एकतीस वर्षं गेली.
कुठल्या नाण्यावर 'पति' ऱ्हस्व, कुठल्यावर दीर्घ,
कुठे 'शिव'चा 'सिव' झाला.
"हा अडाणी नव्हता रे, घाईत होता.
बघ, दांडी मारताना हात सरकलाय."
कधीच्या मेलेल्या माणसाची घाई
त्यांना आमच्या पायरीवर बसून दिसायची.
मुलगी कितवीत, विचारलं
तर बायकोकडे बघायचे.

एकदा दुदांडी शिवराई उजेडात धरून
सहज म्हणाले, "असे हात आता उरले नाहीत."
माझे हात समोरच होते,
कळशी मठारत होते.

त्या वर्षी गणपती उठल्यावर
मी रात्री जागून दोन ठसे कोरले.
ऱ्हस्व 'पति'. सरकलेली दांडी.
एकच नाणं पाडलं, दोन महिने शेणात पुरलं
आणि शनिवारच्या ढिगात सोडून दिलं.

खांबेट्यांनी ते उचललं. तोललं.
पुन्हा तोललं.
चष्मा कपाळावर नेऊन डोळ्याशी धरलं,
मग बाकीच्यांबरोबर पिशवीत टाकून
पैसे मोजले आणि टांग मारून गेले.
शब्द नाही.
त्यानंतर पंचवीस वर्षं, शब्द नाही.

पुस्तक निघालं ते फंडाच्या पैशातून.
पाचशे प्रती, त्यातल्या चारशे त्यांच्याच कॉटखाली.
प्रकाशनाला एकोणीस माणसं.
एक गृहस्थ उठून म्हणाले,
पान बारावर वेलांटी चुकली आहे.
खांबेटे खूश झाले. "चला,
कोणीतरी बाराव्या पानापर्यंत पोचलं."
मी मागच्या रांगेत छायापत्रं चाळत होतो,
एक ते चाळीस, ओल्या अंगठ्यानं, चोरासारखा.
माझं नाणं नव्हतं.
सुटलो, असं वाटलं.
आणि खरं सांगतो, थोडं लागलंही.

मागच्या माघात ते गेले.
दिवस झाल्यावर इंदूताई आल्या, रिक्षा थांबवून.
नाण्यांची ती छोटी खाकी पाकिटं असतात, त्यातलं एक हातात.
"ह्यावर तुमच्या आळीचं नाव आहे," म्हणाल्या.
मुंगीएवढं अक्षर, त्यांचंच:

धातू तांबे. वजन चोख.
काळ: माझ्या हयातीतला.
टाकसाळ: तांबट आळी, कसबा, पुणे.
कारागीर माहीत आहे.

आम्ही भांड्यावर नाव घालतो ते गिऱ्हाइकाचं.
लग्नाची तारीख, देणाऱ्या मामाचं गावसुद्धा.
स्वतःचं कधी घातलं नाही,
बाबांनी नाही, त्यांच्या बाबांनीही नाही.

"किमती आहे का हो काही?" इंदूताईंनी विचारलं.
रिक्षाचं मीटर पडत होतं.
बसा, म्हटलं, काटा आणतो,
आणि आत जाऊन
बराच वेळ आतच उभा राहिलो.