भाजक

कोणतं वाहन किती सुरक्षित, असा तक्ता मागवलाय वरून,
शुक्रवारपर्यंत.
भामरे साहेब म्हणाले, नुसते मेलेले मोजू नका, बाई,
भागा.
किती माणसं किती किलोमीटर गेली, त्याने भागा,
मग बोला.

तर भागतेय.

रेल्वे सोपी.
दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव,
सगळ्यांची तिकिटं मोजलेली, पासवाल्यांचीसुद्धा.
उत्तर इतकं बारीक येतं
की दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लागते
आणि रांगेच्या शेवटी कुठेतरी एक माणूस.
रूळ ओलांडताना गेलेले यात धरायचे नाहीत.
ते प्रवासी नव्हते,
असं खाली टीपेत आहे.

एसटी दुसरी.
पण माझी जाऊ एसटीत बसली की
लळिंगचा घाट संपेपर्यंत डोळे उघडत नाही.
तीच दिराच्या फटफटीवर मागे आडवी बसते,
एक पोर मधे, एक टाकीवर पेंगतंय,
आणि हेल्मेट हँडलला अडकवलेलं,
त्यात भरताची वांगी.
फटफटीचा आकडा मी तिला सांगितला.
ती म्हणाली, घरचीच गाडी ना.

विमानाच्या रकान्यात शून्य.
जळगावहून उडतं एक, लहानसं.
त्यात बसलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.
सगळ्या तक्त्यात तेवढाच रकाना
धुतल्यासारखा दिसतो.

जीपपाशी गाडी अडली.
धडगावच्या वळणावर जालम पावराची जीप.
परवाना नऊ जणांचा.
आत, टपावर, मागच्या पायरीवर मिळून सव्वीस,
शिवाय दोन बकऱ्या.
नऊने भागलं तर जीप फार वाईट.
सव्वीसने भागलं तर
जीप एकदम सुधारते.
जितकी कोंबाल तितकी सुरक्षित.
साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला,
पुसला, परत घातला.
नऊच धरा, म्हणाले.

नर्मदेच्या फुगवट्यावरच्या होडीला
तिकीटच नाही.
तिथे मी आडवी रेघ मारली.

आता उरलं ‘पायी’.
वरचा आकडा कधीच भरलाय,
पोलीस ठाण्यांकडून आला, सगळ्यात आधी.
पण खाली काय लिहू?
चालणाऱ्यांचे किलोमीटर
कुठल्याच खात्याकडे नाहीत.
शून्याने भागता येत नाही, हे पाचवीत शिकवलं,
पण शून्य तरी कुठे आहे हे?

सुपडू अण्णा चहा घेऊन आला.
आमचा शिपाई. महामार्गालगतच्या वस्तीवरून
रोज पायी येतो, पायी जातो.
विचारलं, अण्णा, किती पडतं?
“मोजेल नही कधी.”
मग म्हणाला, उजव्या अंगानं चालतो मी, बाई,
“मोरेथून उना तं दिखस तरी.”
कप उचलले आणि गेला.

मी रकान्यात पेन्सिलने लिहिलं: एक माणूस.
मग खोडलं.
कागद तिथे जरा पातळ झाला.

साडेसहाची पारोळा गाडी मिळाली.
मागच्या चाकावरची सीट, उडवणारी.
कंडक्टरने मशीन दाबलं,
तिकिटावर माझे किलोमीटर छापून आले,
मी ते पर्समध्ये नीट घडी करून ठेवले.

शहर संपलं तशी काचेबाहेर काळोखी.
पलीकडच्या अंगाला, समोरून येणाऱ्या
केळीच्या ट्रकच्या उजेडात
एक पांढरी टोपी दिसली.
तिने एक पाऊल खाली, खडीवर टाकलं.
ट्रक गेला.
मग मागून दुसरा दिवा येत होता,
आणि आमची गाडी तेवढ्यात
बरीच पुढे आली होती.