खाजणाचा प्रश्न

ब्रेमेनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, मी यंत्राला शिकवते
आत म्हणजे काय, बाहेर म्हणजे काय,
नुसतं टेकणं वेगळं, एकमेकांत घुसणं वेगळं.
जागेबद्दल बोलायला त्याच्याकडे आठ शब्द आहेत.
आठच.
माझ्या आईचं घर याहून कमी शब्दांत चालायचं.

साठ जागा. दर दोघींमध्ये एक नातं,
थोडी पक्की, बाकी सगळी "हे किंवा ते".
एकेक करून पडताळत बसलं
तर माझी पेन्शन सुरू होईल, संपेल,
आणि पंखा घरघरतच राहील.

म्हणून पडताळायचं नाही, आधी खोडायचं.
तिघांना समोरासमोर बसवायचं:
डबा कपाटात, कपाट खोलीत,
मग डबा अंगणात कसा? खोड.
एक खोडलं की शेजारचं सैल होतं, तेही खोड,
विणीतला टाका निसटावा तसं सरसर.
उरलेल्यांत जो सगळ्यात अडचणीत, त्याला आधी विचार.
ज्याला सहा वाटा आहेत तो थांबेल.
आणि काही "किंवा" फोडायचेच नाहीत,
झाकली मूठ सव्वा लाखाची;
त्यांचं आपसांत बिनसत नाही, हे कागदावर सिद्ध झालंय.
चुकलं तर मागे यायचं,
पायरी पायरीनं नाही,
चूक जिथे पेरली थेट तिथे.

बाबा म्हणाले, "हे तर मी रोज करतो."
मोम्मे केटेलसेन, वय एकोणसत्तर,
हुसुमकडच्या खाजणातून माणसांना
अनवाणी पलीकडच्या बेटावर नेणारे.
काठीनं चिखल टोचत म्हणाले,
"जो ओढा वीसच मिनिटं वाट देतो, तो आधी धर.
बाकीचा दिवस त्याच्याभोवती बसव."

मग मी त्यांचीच वाक्यं यंत्राला घातली.
सत्तेचाळीस, वहीत लिहिलेली,
एका पानावर हेरिंगचा तेलकट डाग.
पुळण समुद्राच्या आत आहे.
पुळण समुद्राच्या बाहेर, त्याला टेकून आहे.

पापणी लवायच्या आत उत्तर आलं:
अशी जागा असू शकत नाही.

इतक्या चटकन नाही म्हणता यावं
यासाठीच तर माझी सहा वर्षं गेली.

फोन लावला. वाराच जास्त ऐकू येत होता.
"कुठे आहात?"
"तुझ्या त्या नसलेल्या जागेवर. घोट्याएवढ्या पाण्यात.
अजून चाळीस मिनिटं आहे ती."
मग जरा थांबून,
"वहीत वेळ घालायची राहिली, वीब्के.
मला वाटलं, ते काय लिहायचं."

आता प्रत्येक नात्याला घड्याळ बांधायचं.
साठ जागांचे किती होतील, मांडायला बसले
आणि पेन्सिल खाली ठेवली.
ज्याच्याकडे सगळ्यात थोडं उरलंय
तो आधी, मीच शिकवलं होतं ना.

शुक्रवारी ओहोटी साडेदहाला आहे.
बूट आणू नकोस, म्हणाले.