किती पुंगळ्या पुरे

गॅरेजात हीटर लावून बसलोय.
बाहेर ग्लेंडाइव्हचं वारं, उणे अठरा,
यलोस्टोन नदी काठाकाठानं गोठलेली.
पुढ्यात कॉफीचे चार डबे
आणि त्यांत पितळ.

मोजलं. तीनशे चाळीस.
शंका आली म्हणून पुन्हा मोजलं,
तीनशे एकेचाळीस.
एक हीटरखाली घरंगळली होती.

आर्लिस दारात उभी, कोपरापर्यंत पीठ.
"वर्षाला किती झाडतोस?"
तीन. दोन नेम तपासायला, एक हरणाला.
"आणि एक पुंगळी किती वेळा भरता येते?"
आठ वेळा. मान तापवून नरम केली तर दहा.
ती वर आढ्याकडे बघत राहिली,
काउंटीच्या कचेरीत तीस वर्षं कर मोजलेली बाई.
"आठच धरते. नऊशे नऊ वर्षं," म्हणाली,
आणि गेली पाव भट्टीत सारायला.

पितळ उघडं पडतं म्हणतात, ते असं.
मी चौऱ्याहत्तरचा.

पण रायफल तीनशे सॅव्हेज, इंगबोर्गआत्याची.
हिच्या पुंगळ्या आता सहजी मिळत नाहीत.
ज्या वर्षी दुकानांच्या फळ्या ओस पडल्या
त्या वर्षी माइल्स सिटीपर्यंत गेलो होतो.
काउंटरवरच्या पोरानं नुसते तळहात दाखवले.
घरी येऊन डबा उपडा केला: एकोणीस.
एकोणीस ही काय संख्या आहे?
त्या रात्री एकेक पुसली,
वाकडी तार आत घालून
बुडाशी चर पडलीय का चाचपलं.
तीन बाद.

तेव्हापासून कुणाच्याही मागं उरलेल्या सामानाचा लिलाव असो,
सकाळी सातला रांगेत मी पहिला.

फुटक्या मानेच्या एका लोणच्याच्या बरणीत आहेत.
त्या मोजल्या नाहीत.
फेकल्याही नाहीत.

संध्याकाळी मेरिडिथ स्टाइगर आली,
आजोबांची रायफल मिळालीय तिला, तीच जात,
आणि खिशात पुंगळ्या सहा.
"मी किती ठेवायच्या?"
म्हटलं, वीसची एक पेटी, तिच्या दुप्पट,
वर गवतात हरवतील तेवढ्या.
"गवतात किती हरवतात?"
मागच्या नोव्हेंबरात सेजच्या झुडपांत
एकीसाठी पाऊण तास रांगत होतो,
गुडघ्यांनी पुढं आठवडाभर सूड घेतला.
हे तिला सांगितलं नाही.
म्हटलं, दहा.

पन्नास मोजून दिल्या.
चांगल्यातल्या. म्हणजे, बऱ्याचशा चांगल्यातल्या.
ट्रकचे दिवे कोपऱ्यावर वळेपर्यंत उभा होतो,
मग डबा हलवून पाहिला.
आवाज जरा पोकळ आला.

"आर्लिस, दोनशे एक्याण्णवला किती?"
आतून, भांडी थांबलीसुद्धा नाहीत:
"सातशे शहात्तर वर्षं. जेवायला ये."

आलो म्हटलं.
शनिवारी वीबो गावात
कुणाचं तरी गॅरेज विकायला काढलंय.