बी विंग, तळमजला

अमावास्या जवळ आली की वॉचमन रुझार
संध्याकाळीच बेल वाजवतो:
"गाडी वर चढावर लावा. आज साडेबाराला येणार."
कोण, ते सांगत नाही.

साडेबाराला गटाराची जाळी आधी उसासते,
मग पार्किंगच्या फरशांच्या सांध्यांतून
काळं, खारं, बोटभर वर येतं,
पाय न वाजवता.
लिफ्टपाशी एक कुर्ली
आडवी चालत येऊन बटणाखाली थांबते.

शिरदोणच्या याच खाजनात रुझार मानस सांभाळायचा.
त्या दाराला कुलूप नव्हतं, म्हणतो,
ओहोटीला आपोआप उघडायचं,
भरतीला आपोआप मिटायचं.
मी फक्त कालवं खरवडायचो
आणि रात्री जाळ्यातली सुंगटं मोजायचो.

मग टिप्पर आले. दोन पावसाळे तांबडी माती.
शेवटचं कोरगुट कापायचं की ठेवायचं
यावर गावात वाद चालू होता,
तेवढ्यात त्याच्यावर मुरूम पडला.
वाड्यावरच्या विहिरी पुढच्या मे महिन्यात खारट झाल्या.
मी फ्लॅट बुक केला तेव्हा
ब्रोशरवर एक बगळा होता.
तीन वर्षं खिडकीतून त्याला शोधतोय.

काल रुझारने कुठूनशी ती फळी आणली,
मत्तीच्या लाकडाची, बिजागरीसकट,
आणि गटाराच्या तोंडावर टांगली.
रात्री पाण्याने ढकलली.
मिटली ती, जशी मिटायची तशीच.
रुझार विडी न पेटवता बघत राहिला.

मग माझ्या न्हाणीघरातून आवाज आला.