किदिराचा शिक्का

शिक्का आला जूनमध्ये. लाकडी मूठ, कोरं रबर.
'माली संघराज्य. किदिरा स्टेशन. मालधक्का.'
पहिला ठसा मी कोलाच्या पाटीवर उमटवला,
दुसरा स्वतःच्या मनगटावर.
बायको म्हणाली, धुऊ नका, सणापर्यंत राहू दे.
कुठला सण, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा पूल नुसता पूल होता.
पलीकडून बोकार ली यायचा, कायेसकडचा सांधेवाला,
खाली फालेमेचं गढूळ पाणी घुसळत असताना
स्लीपरांवरून चालत, झिजू नयेत म्हणून बूट हातात घेऊन.
तो तुकुलोर, मी सेरेर;
पणज्याच्या आधीपासून आमच्यात थट्टेचं नातं.
आल्या आल्या ओरडायचा, "माझा गुलाम जेवला का रे?"
मी म्हणायचो, "जेवला. मालकांसाठी खरवड ठेवलीय."
चिडायचं नाही, एवढाच नियम.
चिडला त्यानं एक कोंबडी दंड भरायची.
बावीस वर्षांत एक पीसही कुणी हरलं नव्हतं.

डाकारहून येणारा गार्ड पायरीवर बसून सांगायचा :
सभागृहात वीस खुर्च्या यांच्या, वीस त्यांच्या,
आणि माणसं मात्र त्यांच्याकडे जास्त.
आता सगळ्यांत वरच्या खुर्चीपाशी घोडं अडलंय.
ते म्हणतात, एक व्हायचं तर पुरतं एक, तिजोरीसकट.
हे म्हणतात, दमानं घ्या; शेंगा आमच्या, बंदर आमचं.
"आणि रूळ?" मी विचारलं.
गार्डनं चहाचा तिसरा पेला, सगळ्यांत गोड असतो तो,
अर्धाच पिऊन खाली ठेवला.

शाईची गादी अजून ओली होती.
ऑगस्टात एका पहाटे तारेनं तीन शब्द खडखडवले :
पूल बंद. थांबा.
थांबलो. मालडबे थांबले, त्यांतले कांदे थांबेनात,
आठवड्यानं धक्का त्यांच्या वासानं भरून गेला.
मग थिएसच्या कारखान्यातली पलीकडची माणसं
दारांना कुलपं घातलेल्या गाडीतून परत पाठवली.
एका खिडकीत बोकारची बहीण पेंदा,
मांडीवर शिवणाचं मशीन, मशीनवर मूल.
मी हात वर केला.
तिनं माझ्या टोपीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी मी पुलाच्या तोंडाशी जाऊन हाक दिली,
"मालक, जेवलात का?"
पलीकडे कंदील हलला. थांबला.
मग जे आलं त्यात थट्टा नव्हती.
मीही जे बोललो, ते बायकोला सांगितलं नाही.

तुटलं का, असं नातवंडं विचारतात.
शाळेत त्यांना एक उत्तर शिकवतात, पलीकडच्या शाळेत दुसरं.
मी रेल्वेचा माणूस, मला रुळांचं तेवढं कळतं :
दोन रूळ जोडताना मध्ये फट सोडावी लागते.
उन्हात लोखंड वाढतं. अगदी घट्ट भिडवले
तर दुपारी दोघंही वाकडे होऊन उठतात.
फार सोडली तर प्रत्येक चाक तिथं आदळतं.
केवढी सोडायची, ते ऋतू बघून ठरवावं लागतं,
वाकून, डोळा लावून, दरवर्षी.
आपल्याकडे त्यासाठी दोन महिने मिळाले,
तेही ऐन पावसाळ्यात, आणि वाकायला कोणी तयार नव्हतं.

तीन वर्षांनी पूल उघडला.
बोकार आला. बूट पायांत होते, हातात कागद,
आणि काखेत पाय बांधलेली तांबडी कोंबडी.
मला फॉर्म भरायचा होता. नवा शिक्का, नवं रबर.
मी विचारलं, "नाव?"
विचारावंच लागलं. शेजारी साहेब उभा होता.
बोकार म्हणाला, "लिही. तुझा मालक."
साहेबानं कोंबडीकडे बोट केलं, "हे काय?"
"दंड," बोकार म्हणाला.
साहेब पावतीपुस्तक शोधायला आत गेला.

आधी कोण चिडलं होतं
ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.
माझ्याही घरामागे, तीन वर्षं पोसलेली,
एक कोंबडी बांधून ठेवलेली होती.